तिसऱ्या पाळीतला मेंदू

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढायला जाण्याआधी रुग्णाला मिळणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा दोन सूचना असतात. केस धुऊन, तेल न लावता या. आणि आदल्या रात्री जागरण करून या. पहिली सूचना तारा डोक्याला नीट चिकटाव्यात म्हणून. दुसरी वाचून घरातले चक्रावतात, कारण एरवी हेच डॉक्टर ‘झोप चुकवायची नाही’ म्हणून बजावत असतात. अपस्मार असलेल्या पुष्कळ लोकांचा ईईजी एरवी अगदी स्वच्छ निघतो. मेंदूतली गडबड चोवीस तास दिसत नसते, तिला बाहेर काढावं लागतं. त्यासाठी डॉक्टरांच्या हातातलं सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे मोडलेली झोप. जागरणानंतर आलेखावर खुणा उमटण्याची शक्यता वाढते आणि तिथेच डुलकी लागली तर आणखी वाढते.

प्रयोगशाळेत तंत्रज्ञ समोर बसलेला असताना एका रात्रीपुरतं मुद्दाम केलं जातं, तेच चाकणच्या कारखान्यात, हिंजवडीच्या कॉल सेंटरमध्ये, एखाद्या रुग्णालयाच्या वॉर्डात रातपाळीच्या आठवड्यात रोज घडतं, आणि तिथे समोर कुणीच बसलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि नीट निदान व उपचार मिळाले तर त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. अशी माणसं नोकरी करणार, आणि नोकऱ्यांमध्ये पाळ्या असणार. ‘रातपाळी घेऊच नका’ हा सल्ला द्यायला सोपा असतो. पण ज्याच्या पगारावर घर चालतं आणि ज्याचं नाव कंत्राटदाराच्या यादीत आहे, त्याला तो सल्ला काय कामाचा?

झोप आणि फिट यांचं नातं डॉक्टरांच्या फार पूर्वी लक्षात आलं होतं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी नोंदून ठेवलं की काहींना फिट फक्त दिवसा येतात, काहींना फक्त रात्री, तर काहींना वेळेचं बंधन नसतं. पुढे जर्मनीच्या डीटर यान्झ यांनी उठल्या-उठल्या येणाऱ्या फिटचा बारकाईने अभ्यास केला. १९५७ साली त्यांनी वर्णन केलेला प्रकार आज जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे थोडक्यात जेएमई, या नावाने ओळखला जातो. तो पाळीत काम करणाऱ्या तरुणांनी नीट समजून घ्यावा असा आहे.

जेएमई सहसा बारा ते अठरा या वयात सुरू होतो. सकाळी उठल्यावर तासाभरात हातांना अचानक हिसके बसतात. ब्रश हातातून उडतो, चहाचा कप सांडतो. घरात त्याला धांदरटपणा म्हणतात आणि वर्ष-दोन वर्षं तसंच जातं. मग बारावीच्या अभ्यासाचं जागरण, मित्राच्या लग्नाची रात्र किंवा नोकरीतली पहिली नाईट शिफ्ट झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी फिट येते आणि घर हादरतं. डॉक्टरांना कपाच्या गोष्टी सांगायचं कुणालाच सुचत नाही, कारण त्या आजाराचा भाग आहेत हे माहीतच नसतं. सांगायला हव्यात. कार्बामाझेपीन आणि फिनिटॉइन ही नेहमीची औषधं या प्रकारात हिसके उलट वाढवू शकतात, त्यामुळे निदान नेमकं असणं महत्त्वाचं. जेएमई असलेल्याने रातपाळी घ्यावी का, याचं माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. या एका प्रकारात तडजोडीला फार जागा नाही.

बाकी प्रकारांत चित्र वेगळं असतं. मेंदूच्या पुढच्या भागातून, म्हणजे फ्रंटल लोबमधून, येणाऱ्या फिट बऱ्याचदा झोपेत येतात. कानामागच्या टेम्पोरल लोबमधल्या फिट जागेपणी, दुपारी-संध्याकाळी जास्त दिसतात. दोघांनाही रोग एकच सांगितलेला असला तरी एकाला धोका बिछान्यात आहे आणि दुसऱ्याला मशीनसमोर. म्हणून पाळीबद्दल डॉक्टरांशी बोलताना आपल्या फिट कोणत्या वेळी येतात याचा कागद हातात असावा. ‘महिन्यातून दोनदा येते’ एवढ्यावरून पाळी ठरवता येत नाही. स्त्रियांनी त्यात मासिक पाळीच्या तारखाही लिहाव्यात. काहींना त्या आधीच्या दोन-तीन दिवसांत फिट वाढतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत नाईट ड्युटी लागली तर दोन कारणं एकत्र येतात. रुग्णालयात ड्युटी लिस्ट लागण्याआधी इन्चार्ज सिस्टरशी बोलता आलं तर एवढी अदलाबदल अवघड नसते.

झोपेत नेमकं होतं काय? जागेपणी मेंदूतल्या पेशी ढोल-ताशा पथक मैदानात जमण्याआधीच्या वादकांसारख्या असतात. जो तो आपापला ताल धरून. गाढ झोपेत त्या संथ लयीत एकत्र येतात. फिट म्हणजेही पेशींनी एकाच वेळी, अनावर ठोका धरणं. त्यामुळे जाग आणि झोप यांच्या सीमेवर, म्हणजे डोळा लागताना, झोप उथळ असताना किंवा उठताना, अपस्मारी मेंदूचा तोल सुटण्याची शक्यता जास्त असते. स्वप्नं पडतात त्या झोपेत मात्र ही गडबड बरीच दबलेली असते. रातपाळीनंतरची दिवसाची झोप तुकड्यातुकड्यांची असते, म्हणजे या सीमा पुन्हा पुन्हा ओलांडाव्या लागतात.

गंमत म्हणजे अपस्मारावरच्या एका जुन्या औषधाचा शोधही मोडलेल्या झोपेतून लागला असं सांगतात. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान हा तरुण डॉक्टर अपस्माराच्या वॉर्डाजवळच राहत होता. रात्रभर रुग्णांच्या फिटमुळे त्याला झोप लागेना. रुग्ण शांत झोपावेत म्हणून त्याने नव्याने आलेलं झोपेचं औषध, फिनोबार्बिटोन, देऊन पाहिलं, आणि त्यांच्या फिटच कमी झाल्या. तेच फिनोबार्बिटोन आजही आपल्याकडे वापरात आहे.

आता पाळीबद्दल. डोळ्यांच्या मागे, दोन्ही दृष्टीतंतू एकमेकांना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक चिमुकला पुंजका शरीराचं घड्याळ चालवतो. त्याला वेळ कळते ती मुख्यतः उजेडावरून. हे घड्याळ हट्टी आहे. दिवसाला साधारण तासाभराहून जास्त ते सरकत नाही. दिवसपाळीतून रातपाळीत जाताना झोपेची वेळ दहा-अकरा तासांनी हलते. आठवडाभरात घड्याळ जेमतेम अर्ध्या वाटेवर पोहोचतं, तोवर पाळी बदललेली असते. त्यातही सकाळी घरी येताना उन्हाचा झोत डोळ्यांवर पडला की ते पुन्हा जागेवर जातं. म्हणून माझं मत असं आहे की बहुतेकांच्या बाबतीत रात्रीपेक्षा अदलाबदल जास्त छळते. व्यवस्थापनाकडे एकच गोष्ट मागायची असेल तर ‘हलकं काम’ मागू नका, ‘ठरलेली पाळी’ मागा. हलकं काम मागितलं की माणूस दुबळा ठरतो आणि पगारवाढीच्या वेळी ते आठवतं. ठरलेल्या पाळीत कंपनीचं नुकसान नसतं, आणि कायम सेकंड शिफ्ट करायला तयार असलेला माणूस सुपरवायझरला हवाच असतो. सेकंड शिफ्टमध्ये रोज उशिरा पण रोज त्याच वेळी झोपता येतं, आणि मेंदूला तेवढं पुरतं. फिरती पाळी टळतच नसेल तर फर्स्टनंतर सेकंड आणि सेकंडनंतर थर्ड असा क्रम उलट्या क्रमापेक्षा बरा. शरीराला झोप पुढे ढकलणं अलीकडे ओढण्यापेक्षा सोपं जातं.

गोळ्यांचा हिशेब मात्र कंपनीच्या हातात नाही, तुमच्याच हातात आहे. ‘सकाळी नाश्त्यानंतर, रात्री जेवणानंतर’ असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. तिसऱ्या पाळीत नाश्ता म्हणजे काय? घरी आल्यावर सकाळी आठला खाल्लेली पोहे-उपम्याची बशी, की दुपारी चारला उठल्यावरचा चहा? पाळी बदलली की जेवणं सरकतात, त्यांच्यामागे गोळ्या सरकतात, आणि दोन गोळ्यांमधलं अंतर कधी आठ तास तर कधी अठरा तास होतं. लेव्हेटिरासिटाम हे आज फार दिलं जाणारं औषध घ्या. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तात ते साधारण सात तासांत निम्मं होतं. एकाच गोळीपुरतं बोलायचं तर बारा तासांनी तीस टक्क्यांच्या आसपास उरतं, अठरा तासांनी सतरा टक्क्यांच्या आसपास. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण जागरणाच्या रात्री तोच नडतो. फिनोबार्बिटोनला निम्मं व्हायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून ते तासांची चूक पोटात घालतं. त्याची किंमत गुंगीने मोजावी लागते, हे निराळं.

यावर एक साधा उपाय आहे. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा आणि बारा ते सात अशा तीन पाळ्या धरा. पहिल्या पाळीत माणूस रात्री दहा ते पहाटे पाच झोपतो. दुसऱ्या पाळीत रात्री दोन ते सकाळी नऊ. तिसऱ्या पाळीत सकाळी नऊ ते दुपारी चार. या तिन्ही आठवड्यांत जागा असण्याच्या आणि एकमेकींपासून बारा तासांवर असलेल्या दोन वेळा शोधल्या तर एकच जोडी हाती लागते: सकाळी नऊ आणि रात्री नऊ. पहिल्या पाळीत सकाळची गोळी कामावर, दुसऱ्या पाळीत रात्रीची गोळी कामावर. तिसऱ्या पाळीत सकाळची गोळी घेऊन झोपायचं. गोळी जेवणाला बांधू नका, झोपेलाही बांधू नका, घड्याळाला बांधा. तुमच्या पाळ्यांच्या वेळा वेगळ्या असतील तर कागद घेऊन हेच गणित मांडा आणि डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्या पोटात अन्न असताना घ्यायच्या असतात, तर काहींच्या दिवसातून एकदाच घ्यायच्या, हळूहळू विरघळणाऱ्या आवृत्त्या मिळतात. फिरत्या पाळीसाठी त्या सोयीच्या आहेत का, हा प्रश्न विचारल्याशिवाय क्वचितच कुणी सांगतं. दोन-तीन गोळ्या डब्याच्या पिशवीत कायमच्या असू द्याव्यात. आणि उपासाला गोळी चालते. मोडला उपास तर मोडू द्या.

ताणाबद्दल मी जरा सावध आहे. ‘फिट कशामुळे आली?’ असं विचारलं तर रुग्ण सर्वांत जास्त वेळा ‘टेन्शन’ हेच सांगतात. ते खोटं नाही. ताणाच्या काळात शरीरात स्रवणारी संप्रेरकं मेंदूच्या उत्तेजनावर परिणाम करतात. पण टार्गेटचा आठवडा नीट उलगडून पाहिला तर त्यात टेन्शनबरोबर चार तासांची झोप असते, चुकलेलं जेवण असतं, विसरलेली गोळी असते आणि शनिवारचं ‘बसणं’ असतं. यांतलं टेन्शन लगेच हटवता येत नाही. बाकीचं बरंच हटवता येतं. म्हणूनच ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो, आणि ‘टेन्शनच्या आठवड्यात झोप आणि गोळी सांभाळा’ हा उपयोगी. दारूबद्दल एवढंच लक्षात ठेवा की भरपूर प्यायल्यानंतर फिटचा धोका बहुधा ती उतरताना असतो, थांबवल्यापासून सहा ते अठ्ठेचाळीस तासांत. शनिवारच्या बाटलीचा हिशेब सोमवारच्या पहिल्या पाळीत येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. लेव्हेटिरासिटाम घेणाऱ्या काही माणसांची चिडचिड वाढते. पूर्वी शांत असलेला माणूस फोरमनशी हुज्जत घालतो, घरी ताट आपटतो आणि सगळे म्हणतात की नोकरीने याचं डोकं फिरवलं. नोकरीने फिरवलंही असेल. पण गोळी सुरू झाल्याची तारीख आणि भांडणं सुरू झाल्याची तारीख एकदा शेजारी ठेवून पाहावी. डॉक्टर औषध बदलू शकतात. स्वतःच्या मनाने ते थांबवणं मात्र घातक, कारण गोळ्या अचानक बंद झाल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते. दुसरीकडे, सगळेच झटके अपस्माराचे नसतात. काहींना मानसिक ताणातून फिटसारखे झटके येतात. तेव्हा मेंदूत विजेची गडबड नसते, तरी ते नाटकही नसतं. औषध वाढवूनही झटके थांबत नसतील तर व्हिडिओ ईईजी करून हा भेद पाहता येतो, आणि तसं निघालं तर उपचाराची दिशा पूर्ण बदलते.

दिवसा झोपणं ही एकट्याची गोष्ट नसते. तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस नऊला पडतो तेव्हा घरात कुकर लागलेला असतो, शेजारी भिंतीत ड्रिल चालू असतं, पार्सलवाला बेल वाजवतो. दोन खोल्यांच्या घरात झोप लागावी असं वाटत असेल तर घरच्यांनी त्या सात तासांना रात्र मानायला हवं. बेल बंद, जाड पडदा किंवा डोळ्यांवर पट्टी, फोन दुसऱ्या खोलीत. घरी येताना गडद गॉगल घातला तर सकाळचं ऊन शरीराचं घड्याळ कमी हलवतं. कामावरचा पहाटे चारचा चहा सोडावा, कारण चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे नऊला आडवं पडताना त्यातलं अर्धं जागंच असतं. उभं राहून पाठ धरली म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी घ्यायची सवय असेल तर ट्रामाडॉल हे नाव लक्षात ठेवा. या वेदनाशामकाने फिटचा धोका वाढतो. घोरत असाल आणि सात तास झोपूनही अंग जड राहत असेल तर झोपेत श्वास अडकतो का हे तपासून घ्या. तो दोष सुधारल्यावर काहींच्या फिटही कमी होतात.

कामावर सांगायचं की नाही? इथे मी कुणाला शौर्य शिकवणार नाही. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्मार वेडाच्या जोडीला बसवला होता, आणि तो शब्द काढायला १९९९ साल उजाडलं. कायद्याला तेवीस वर्षं लागली तिथे शॉप फ्लोअरला किती लागतील? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अपस्माराचं स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे त्याच्या आधाराने सवलत मिळेलच असं गृहीत धरू नये. पण सगळ्यांना सांगणं आणि कुणालाच न सांगणं यांच्या मध्ये बरीच जागा आहे. शेजारच्या मशीनवरचा एक, पाळीचा सुपरवायझर आणि कंपनीचा डॉक्टर, एवढ्यांना माहीत असलं तर बरंच भागतं. चार ओळींचा कागद पुरतो: फिट कशी दिसते, किती वेळ टिकते, काय करायचं, कुणाला फोन करायचा. डॉक्टरांकडून घ्यायच्या पत्रात रोगाचं वर्णन थोडं आणि ‘यांना ठरलेली पाळी असावी, उंचीवर व उघड्या फिरत्या यंत्रावर एकट्याने काम देऊ नये’ असं नेमकं वाक्य असावं. लपवण्यात जी ताकद जाते तीही ताणच असते. बाथरूमची कडी लावावी की नाही, इथवर तो विचार पोखरत राहतो. पुण्या-मुंबईत अपस्मार असलेल्यांचे स्वमदत गट आहेत. नोकरीत कुणी कसं सांगितलं आणि पुढे काय झालं, हे तिथे ऐकायला मिळतं, आणि डॉक्टरच्या खोलीत ते मिळत नाही.

धोक्यांमध्ये लोकांना भट्टी आणि प्रेस मशीन आठवतात. माझ्या मते पाळीवाल्याचा मोठा धोका गेटच्या बाहेर आहे. रात्रभर जागून सकाळी सातला मोटरसायकलवर वीस किलोमीटर, हायवेवरून. वाहन परवान्याच्या पहिल्याच फॉर्ममध्ये अपस्माराबद्दल प्रश्न असतो आणि ‘हो’ म्हटलं की वाट बंद होते. ब्रिटनमध्ये कारसाठी साधारणपणे एक वर्ष फिटमुक्त गेलं की परवाना परत मिळू शकतो. आपल्याकडे अशी पायरीच नसल्यामुळे लोक खोटं लिहितात आणि मग डॉक्टरांपासूनही गाडी लपवतात. नियम बदलायला हवा, असं मला वाटतं. पण तो बदलेपर्यंत फिट चालू असलेल्या माणसाने हँडल धरू नये. कंपनीची बस, सहकाऱ्याच्या गाडीवर मागची सीट, एसटी, काहीही चालेल. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्याने दारात लटकू नये आणि गाडी येईपर्यंत फलाटाच्या कडेपासून मागे, बाकाजवळ थांबावं.

आणि सहकाऱ्यांसाठी. चप्पल, कांदा, किल्ल्यांचा जुडगा यांपैकी कशानेही फिट थांबत नाही. ती आपोआप थांबते. मशीन बंद करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, पाणी पाजू नका. झटके ओसरले की कुशीवर वळवा. सगळ्यांत आधी घड्याळ बघा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत संपतात. पाच मिनिटांपुढे गेली किंवा शुद्ध न येताच दुसरी सुरू झाली तर ती आणीबाणी समजून १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवलाय हे शेजारच्या मशीनवरच्याला माहीत असायला हवं, कपाटाच्या किल्लीसकट. शुद्धीवर आल्यावर माणूस काही वेळ गोंधळलेला असतो, कधी कपडे ओले झालेले असतात. भोवतीची गर्दी पांगवा, एकाने जवळ बसा. त्याला त्या पाळीत पुन्हा मशीनवर उभं करू नका, आणि एकट्याला घरी पाठवू नका.